बहुकोनाची प्रदक्षिणा

परवां आमच्या घरांतील एका विद्यार्थ्याची भूमितीची उजळणी चालली होती. वीस बाजूंच्या आकृतीच्या सर्व आंतरकोनांची बेरीज किती, असा प्रश्न होता. मुलानें विसांतून दोन वजा केले, राहिलेल्या अठरांस १८० नीं गुणिलें, आणि ३२४० अंश हें उत्तर मांडून तो मोकळा झाला. उत्तर बरोबर होतें. आम्हीं सहज विचारलें, "दोनच कां वजा करावयाचे? तीन कां नाहींत?" तो म्हणाला, "सूत्रच तसें आहे." हें ऐकून आम्हांस हंसूं आलें खरें, परंतु कारण समजावून सांगण्यासाठीं आम्ही पुढें सरसावलों, तेव्हां आमचीहि जीभ अडखळली. शाळा सोडून पुष्कळ वर्षें लोटलीं; सूत्र तेवढें जवळ राहिलें होतें, आणि त्याचें कारण वाटेंत कोठें गळून पडलें याची आम्हांस दादहि नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही या सूत्राच्या पूर्ववृत्ताच्या मागें लागलों. एवढ्याशा नियमाला इतिहास तो काय असणार, असें कित्येक वाचकांस वाटेल. पण एखादी गोष्ट 'मला ठाऊक आहे' असें म्हणण्याचा अधिकार मनुष्यास केव्हां प्राप्त होतो, हा मोठा प्रश्न या लहान नियमाच्या इतिहासांत अगदीं आरंभापासून गुंतलेला आहे. म्हणूनच तो इतिहास थोडक्यांत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

नियमाचें मूळ त्रिकोणांत आहे. कोणत्याहि त्रिकोणाचे तीन कोन मिळून दोन काटकोन होतात, हा तो मूळ सिद्धान्त. तो ग्रीक लोकांस कसा सांपडला याविषयीं दोन जुन्या वार्ता आहेत. पहिली गेमिनस नांवाच्या ग्रंथकाराची असून ती यूटोकिअस या सहाव्या शतकांतील टीकाकारानें नमूद करून ठेविली आहे. तीप्रमाणें पाहतां, प्राचीन गणिती हा गुण त्रिकोणाच्या प्रत्येक जातीपुरता निरनिराळा पाहात असत. प्रथम समभुज, मग समद्विभुज, आणि शेवटीं विषमभुज. सर्व त्रिकोणांस एकदम लागू पडणारी सिद्धता पुढच्या लोकांनीं दिली. दुसरी वार्ता पांचव्या शतकांतील प्रॉक्लसची. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य यूडीमस याच्या आधारानें तो सांगतो कीं, ही सर्वसामान्य सिद्धता पायथागोरसच्या पंथांतील लोकांची होय.

ती सिद्धता अशी. त्रिकोणाच्या शिखरांतून पायाशीं समांतर अशी एक सरळ रेषा काढावी. शिखरापाशीं त्या रेषेच्या एकाच अंगास तीन कोन जमतात. मधला तर त्रिकोणाचा स्वतःचाच कोन. डावीकडचा व उजवीकडचा हे पायावरील दोन कोनांचे व्युत्क्रम कोन, म्हणून त्यांच्या बरोबरीचे. तिघे मिळून सरळ रेषेची एक बाजू भरून काढतात. अर्थात् त्यांची बेरीज दोन काटकोन. युक्लिडनें ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास रचिलेल्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागांत बत्तिसावा सिद्धान्त म्हणून हाच विषय घेतला आहे. त्यानें पाया पुढें वाढवून त्याच्या टोकापासून समांतर रेषा काढली, एवढाच काय तो फरक.

युक्लिडच्याहि पूर्वीं अ‍ॅरिस्टॉटलनें ज्ञानाची मीमांसा करतांना याच सिद्धान्ताचें उदाहरण घेतलें आहे, आणि तें फार मार्मिक आहे. समजा, एखाद्यानें समभुज, समद्विभुज व विषमभुज या तिन्ही जातींसाठीं वेगवेगळ्या सिद्धता दिल्या. एकहि जात त्यानें शिल्लक ठेविली नाहीं. तरीसुद्धां अ‍ॅरिस्टॉटलच्या मतें त्या मनुष्यास त्रिकोणाचा हा गुण खऱ्या अर्थानें कळला असें होत नाहीं. कारण हा गुण समभुजास समभुज म्हणून मिळालेला नाहीं. तो त्रिकोणास त्रिकोण म्हणून मिळालेला आहे, आणि नेमकी हीच गोष्ट त्याच्या दृष्टीस पडलेली नाहीं. प्रत्येक त्रिकोणाविषयीं तो खरें बोलेल, पण तें खरें कां हें त्यास सांगतां येणार नाहीं. आमच्या विद्यार्थ्याची आणि आमची स्वतःचीहि स्थिति याहून फारशी निराळी नव्हती.

आतां तीनांहून अधिक बाजूंच्या आकृतीकडे वळूं. अशा आकृतीस येथें सोयीसाठीं बहुकोन म्हणूं. चौकोनांत एक कर्ण काढला म्हणजे दोन त्रिकोण होतात. पंचकोनाच्या एका शिखरापासून दोन कर्ण निघतात व तीन त्रिकोण होतात, षट्कोनांत चार. असें कां व्हावें? ज्या शिखरापासून आपण कर्ण काढतों, त्याला लागून असलेल्या दोन बाजूंवर स्वतंत्र त्रिकोण उभा राहात नाहीं. बाकीच्या प्रत्येक बाजूवर मात्र एकेक त्रिकोण उभा राहतो. म्हणून त्रिकोणांची संख्या बाजूंपेक्षां दोननें कमी. मुलानें वजा केलेले ते दोन म्हणजे या दोन बाजू होत. प्रॉक्लसनें हाच हिशेब आपल्या टीकेंत दिला आहे. ज्यांनीं जुन्या मोजणीचें टिपण पाहिलें असेल त्यांस ही रीत ओळखीची वाटेल. वेड्यावांकड्या शेताचें क्षेत्रफळ काढावयाचें तर मोजणीदारास त्याचे असेच तुकडे पाडावे लागत.

दुसरी एक रीत आहे. सन १७५६ मध्यें ग्लासगो येथील प्राध्यापक रॉबर्ट सिमसन यांनीं युक्लिडची एक आवृत्ति काढली. तींत बत्तिसाव्या सिद्धान्तास जोडलेला एक उपसिद्धान्त आहे. त्याची मांडणी अशी कीं, आकृतीच्या पोटांत एक बिंदु घेऊन तो सर्व शिखरांशीं जोडावा. जितक्या बाजू तितके त्रिकोण होतात, म्हणजेच बाजूंच्या दुप्पट काटकोन झाले. त्यांतून मधल्या बिंदूभोवतीं जमलेले चार काटकोन वजा केले कीं राहिले ते आकृतीचे आंतरकोन. 'बाजूंच्या दुप्पट काटकोन, त्यांत चार उणे' ही जुन्या मंडळींच्या तोंडची भाषा याच वळणाची आहे.

तथापि दोन्ही रीतींत एक अडचण आहे. एखाद्या शेताच्या बांधानें मध्येंच आंत मुरड घेतली, तर एका शिखरापासून काढलेले कर्ण शेताबाहेर जातात, आणि पोटांतील एका बिंदूपासून सर्व शिखरें दिसतीलच असेंहि नाहीं. नियम तरीहि खरा ठरतो. कारण अशा आकृतींतहि निदान एक कर्ण पूर्णपणें आंत राहतो, व तो धरून तुकडे पाडीत गेल्यास त्रिकोणांची संख्या तीच भरते. परंतु असा कर्ण नेहमींच असतो हें सिद्ध करणें दिसतें तितकें सोपें नाहीं. त्याची काळजीपूर्वक केलेली सिद्धता अमेरिकेंतील गणिती एन. जे. लेनेस यांनीं १९११ सालीं प्रसिद्ध केली. युक्लिडपासून बावीस शतकें लोक जी गोष्ट उघड म्हणून गृहीत धरीत आले, तिला पुरावा लागतो हें लक्षांत यावयास इतका काळ जावा लागला.

पण आंतरकोनांचाच विचार करीत राहिल्यास या विषयाचें मर्म हातीं लागत नाहीं, असें आम्हांस वाटतें. तें बाह्यकोनांत आहे. आणि बाह्यकोन समजण्यास कागदापेक्षां शेत बरें. बांधाच्या कडेनें शेत डाव्या हातास ठेवून चालूं लागावें. एक बाजू संपली कीं पुढच्या बाजूस लागण्यासाठीं थोडें वळावें लागतें. तें वळण म्हणजेच त्या कोपऱ्याचा बाह्यकोन. सर्व कोपरे ओलांडून निघालों तेथें परत आलों व पहिल्याच दिशेस तोंड करून उभे राहिलों, म्हणजे आपलें एक पूर्ण वळण झालें. देवळाची प्रदक्षिणा करतांना जें होतें तेंच. शेत त्रिकोणी असो वा वीस कोपऱ्यांचें असो, प्रदक्षिणा एकच आणि वळण चार काटकोनांचें. प्रत्येक कोपऱ्यांत आंतरकोन व बाह्यकोन मिळून दोन काटकोन होतात. म्हणून सर्वांची बेरीज बाजूंच्या दुप्पट. त्यांतून प्रदक्षिणेचे चार काढले कीं बाकी आंतरकोन. बांध आंत मुरडला असेल तर त्या कोपऱ्यावर आपण उलट वळतों. तेवढें वळण वजा धरलें म्हणजे हिशेब पुन्हा जुळतो. पांच टोकांची चांदणी मुलें हात न उचलतां एका रेघेंत काढतात. तिच्यावरून चालणारा दोनदां पूर्ण वळतो, म्हणून दहा काटकोनांतून चार नव्हे तर आठ वजा होतात, आणि तिच्या पांच टोकांची बेरीज अवघी दोन काटकोन भरते. ज्यांच्या घरीं कोनमापक असेल त्यांनीं ताडून पाहावें.

अ‍ॅरिस्टॉटलच्या नजरेंतून हेंहि निसटलें नव्हतें. एखाद्या आकृतीचे बाह्यकोन चार काटकोनांइतके कां, असें विचारल्यास ती समद्विभुज त्रिकोण आहे म्हणून, असें उत्तर येईल. समद्विभुजाचे तरी तसे कां? तो त्रिकोण आहे म्हणून. त्रिकोणाचे तसे कां? तो सरळ रेषांनीं बांधलेली आकृति आहे म्हणून. येथें 'कां' थांबतो, आणि जेथें तो थांबतो तेथेंच आपलें ज्ञान पुरें होतें, असा त्याचा अभिप्राय आहे. ही पायऱ्यांची माळ वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. शेवटीं तिच्याकडे पुन्हा यावयाचें आहे.

कोनांच्या या हिशेबाचें एक रमणीय फळ चौथ्या शतकांतील अलेक्झांड्रियाचा गणिती पॅपस यानें सांगितलें आहे. एकाच जातीच्या समबाजू व समकोन फरश्यांनीं जमीन फट न ठेवतां भरावयाची असेल, तर एका बिंदूभोवतीं त्यांचे कोन मिळून ३६० अंश भरले पाहिजेत. त्रिकोणाचा कोन ६०, म्हणून सहा त्रिकोण बसतात. चौरसाचा ९०, म्हणून चार. षट्कोनाचा १२०, म्हणून तीन. पंचकोनाचा १०८, तीन बसवल्यावर ३६ अंशांची फट राहते आणि चौथा मावत नाहीं. सहांहून अधिक बाजू घेतल्या तर तीनसुद्धां मावत नाहींत. तेव्हां आकृति तीनच. त्यांपैकीं तेवढ्याच भिंतींत सर्वांत अधिक मध मावेल अशी षट्कोन ही आकृति मधमाश्यांनीं निवडली, असें पॅपस कौतुकानें म्हणतो. सारख्या क्षेत्रफळाच्या घरांत जमीन विभागण्याच्या सर्व प्रकारांत षट्कोनासच सर्वांत कमी भिंत लागते, याची सिद्धता मात्र टॉमस हेल्स यांनीं १९९९ सालीं दिली.

येथवर आम्ही ग्रीक परंपरेविषयीं बोललों. आपल्याकडे काय होतें, हा प्रश्न साहजिकच मनांत येतो. भास्कराचार्यांची 'लीलावती' शके १०७२, म्हणजे सन ११५० मधली. त्यांच्या घराण्याविषयींचा एक शिलालेख खानदेशांत चाळीसगांवजवळील पाटण येथें असून तो डॉक्टर भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिला, हें पुष्कळांस माहीत असेल. लीलावतींत समभुज बहुकोनांचा विचार आहे, पण तो निराळ्या दृष्टीनें. १,२०,००० व्यासाच्या वर्तुळांत त्रिकोणापासून नवकोनापर्यंत आकृति काढल्यास त्यांची बाजू किती, हें तेथें सांगितलें आहे. त्रिकोणाची १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४, षट्कोनाची ६०,०००, सप्तकोनाची ५२,०५५, अष्टकोनाची ४५,९२२ आणि नवकोनाची ४१,०३१. आजच्या रीतीनें पडताळून पाहिलें असतां यांतील पांच आंकडे चोख उतरतात. सप्तकोन व नवकोन या दोहोंतच चूक आहे. दोन्ही ठिकाणीं आंकडा सुमारें अकरानें कमी भरतो. आणि नुसत्या पट्टी-कंपासानें ज्या काढतां येत नाहींत अशा आकृति या सातांत नेमक्या ह्याच दोन आहेत.

या सर्व विवेचनांत आंतरकोन किती, हा प्रश्नच उपस्थित होत नाहीं. आमच्या ज्योतिष्यांस अंश, कला, विकला ठाऊक होत्या; पण त्या वर्तुळाच्या कंसावर मोजावयाच्या. क्षेत्रव्यवहारांत बाजू, लंब, कर्ण व क्षेत्रफळ यांचा विचार असे. त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेचा सिद्धान्त संस्कृतांत उतरला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, सवाई जयसिंहाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राटांच्या 'रेखागणित' या ग्रंथानें. नासिरुद्दीन तूसी यानें तेराव्या शतकांत युक्लिडचा जो अरबी पाठ सिद्ध केला होता, त्यावरून हा ग्रंथ झाला. पुढें १९०१-०२ मध्यें तो मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत छापून प्रसिद्ध झाला. ग्रीकांतून अरबींत, अरबींतून संस्कृतांत, असा प्रवास करून पायथागोरसच्या पंथाचा सिद्धान्त आपल्या देशांत आला.

या तूसीच्या मनांत एक शंका होती, आणि तिनेंच या इतिहासास पुढें अनपेक्षित वळण दिलें. वर दिलेल्या सिद्धतेंत एक समांतर रेषा काढली आहे. समांतर रेषांविषयीं युक्लिडनें एक विधान पुराव्यावांचून गृहीत धरलें होतें. तें सिद्ध करून दाखविण्याचा तूसीनें प्रयत्न केला, तसाच त्याच्या आधीं उमर खय्यामनेंहि केला होता. सन १७३३ मध्यें इटालियन पाद्री साकेरी यानें उलट मार्ग धरला. तें विधान खोटें मानलें तर काय अनर्थ ओढवतो हें दाखवून त्याला युक्लिडला निर्दोष ठरवावयाचें होतें. अनर्थ कांहीं निघेना; निघाले ते नवे नवे सिद्धान्त. अखेरीस रशियांत लोबाचेव्हस्की यानें १८२९ मध्यें आणि हंगेरींत बोयाइ यानें १८३२ मध्यें स्पष्टच सांगितलें कीं, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी असेल अशी भूमितिसुद्धां रचतां येते. पुढें त्या भूमितींत परस्परविरोध नाहीं असें ठरलें. निदान युक्लिडच्या भूमितीइतकी तरी ती भक्कम आहे.

बेरीज दोन काटकोनांहून अधिक असण्याचें उदाहरण तर आपल्या पायांखालींच आहे. उत्तर ध्रुवापासून सरळ दक्षिणेस विषुववृत्तापर्यंत यावें, तेथें काटकोनांत वळून विषुववृत्ताचा चतुर्थांश चालावा, आणि पुन्हा काटकोनांत वळून ध्रुवाकडे परतावें. हा पृथ्वीच्या पाठीवरील त्रिकोण झाला, आणि त्याचे तीनहि कोन काटकोन आहेत. गोलावरील त्रिकोणाचा हा जादा भाग त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणांत असतो, हें इंग्लंडांत हॅरियट यास १६०३ मध्यें सांपडलें होतें. छापून प्रसिद्ध केलें तें जिरार यानें, १६२९ मध्यें.

हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. एखाद्या जागेची मोजणी करतांना तिच्या सर्व कोपऱ्यांचे कोन मोजतात, आणि बेरीज नियमाप्रमाणें येते कीं नाहीं हें पाहतात; न आली तर मोजण्यांत चूक आहे हें कळतें. लहान जागेंत पृथ्वीची गोलाई जाणवत नाहीं. पण हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय मोजणींत ती जाणवूं लागली. सन १८०२ मध्यें विल्यम लॅम्बटन यानें मद्रासजवळ पायारेषा मोजून या कार्यास आरंभ केला. दूरदूरच्या टेकड्यांवरून कोन मोजून त्रिकोणास त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे सरकत गेला. पन्नास किलोमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणांत हा जादा भाग अवघा साडेपांच विकलांच्या आसपास भरतो. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा हिस्सा. एवढासा फरकहि हिशेबांत धरल्यावांचून शेंकडों कोसांची त्रिकोणांची सांखळी नीट जुळत नसे. वीस वर्षें हें काम करून १८२३ च्या जानेवारींत नागपूरकडे जात असतां लॅम्बटन वऱ्हाडच्या शेजारीं हिंगणघाट येथें वारला, आणि तेथेंच त्याचें थडगें आहे. त्यानंतर चारच वर्षांनीं जर्मनींत गाउस यानें दाखवून दिलें कीं, कोणत्याहि वक्र पृष्ठावरील त्रिकोणाच्या बेरजेंतील असा फरक म्हणजे त्याच्या पोटांत सांठलेली वक्रताच होय.

आतां अ‍ॅरिस्टॉटलच्या त्या माळेकडे पुन्हा येऊं. समद्विभुज, त्रिकोण, सरळ रेषांची आकृति, येथें त्याचा 'कां' थांबला होता. तो बाविसशें वर्षें थांबून राहिला. नंतर कळलें कीं, खालीं अजून एक पायरी आहे: ज्या पृष्ठावर आकृति काढली तें सपाट आहे म्हणून. ज्ञान पुरें झालें असें वाटणें हेंहि कधीं कधीं पाठ केलेल्या सूत्रासारखेंच असतें. फरक एवढाच कीं, सूत्र पाठ करणाऱ्यास पहिला 'कां' सुद्धां विचारावासा वाटत नाहीं. आणि ज्यानें तो एकदां विचारला, त्यासच पुढेंमागें शेवटच्या 'कां'चीहि शंका येण्याचा संभव असतो. सूत्रें पाठ करूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. परीक्षेस बसावयाचें तर तीं पाठ असलींच पाहिजेत. परंतु पाठ करून घेण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींनीं निदान एकदां तरी मुलास 'दोनच कां?' असें विचारावें, आणि स्वतःस उत्तर येत नसेल तर तसें सांगून त्याच्याबरोबर शोधावयास बसावें, एवढीच विनंती आहे.

आम्हीं आमच्यापुरतें तें केलें. अंगणांत खडूनें एक सात बाजूंची आकृति आंखली, आणि मुलास तिच्या कडेनें चालावयास सांगितलें. पहिल्या फेरींत तो हंसत होता. दुसऱ्या फेरींत प्रत्येक कोपऱ्यावर थांबून आपण किती वळलों हें पाहूं लागला. तिसऱ्या फेरीनंतर तो घरांत गेला, वही उघडली, आणि सूत्राच्या शेजारीं लहान अक्षरांत त्यानें लिहिलें: एक प्रदक्षिणा, चार काटकोन.